रुळांचं घर

सारंगखेड्यात तापीकाठच्या आळीत धनुबाईचं घर सगळ्यांत वेगळं होतं. त्याला सागाचे खांब नव्हते. आगगाडीचे जुने रूळ उभे करून आणि त्यांवरच रूळ आडवे टाकून त्याचा सांगाडा केला होता.

धनुबाई लग्न होऊन आली तेव्हा इथे चारचौघांसारखंच मातीचं घर होतं. एका वर्षी वाळवीने आतून पोखरलेलं आढं मोडलं आणि वरचं मातीचं धाबं कोसळलं. गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या. माणसं शेतात होती म्हणून वाचली. त्या दिवशी तिचा नवरा दोधू म्हणाला, "आते लाकूड नको."

दोंडाईच्याला रेल्वेने काढलेले रूळ विकायला निघाले होते. १९३३च्या उन्हाळ्यात तापी उतरली तशा दोधूने गाड्या जुंपल्या. नदीच्या वाळूत चाकं रुतत, मग माणसं खांदा देत. गाड्या गावात शिरल्या तेव्हा पारावरच्या रूपचंदने विचारलं, "दोधू, हाई घर शे का आगगाडीना डबा?" पारावरची माणसं हसली. दोधूही हसला.

काम करायला नवापूरकडचा आमश्या आला. त्याने रेल्वेच्या पुलांवर रिवेटा, म्हणजे लोखंड जोडायचे जाड खिळे, मारल्या होत्या. घरी तो आपल्या आदिवासी जमातीची कोकणी बोली बोले, इथे तोडकीमोडकी अहिराणी. तापून लाल झालेली रिवेट तो भोकात घाली. मागून कोणीतरी जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि पुढून आमश्याने घणाने तिचं डोकं बसवायचं, अशी ती रीत. ठोकळा दोधू धरत असे.

काम निम्म्यावर आलं आणि दोधूला हिवतापाने धरलं. तो गोधडीत कुडकुडत पडला. पाऊस तोंडावर आलेला. आमश्या भट्टीपाशी हात बांधून बसून राहिला.

धनुबाईने पदर खोचला. "मी धरस," ती म्हणाली.

आमश्या गोंधळला. त्याने ओट्यावर बसलेल्या तिच्या सासूकडे, गजराबाईकडे पाहिलं.

"लोके काय म्हनतीन?" गजराबाई पुटपुटली. मग उठली, भट्टीपाशी जाऊन बसली आणि भात्याची दांडी हातात घेतली. "धर. मी भाता मारस."

पहिल्याच घावाला धनुबाईचे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. ठोकळा सुटला, रिवेट वाकडी बसली. आमश्याने ती छिनीने तोडून काढली, दुसरी तापायला टाकली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, हातवर नको धर. अंग लाव." तिने पाय रोवले, ठोकळ्यावर सारं अंग टाकलं. या खेपेला रिवेट नीट बसली. दुपारी भाकरी थापताना तिची बोटं मिटत नव्हती. गजराबाईने तिला बाजूला सारलं आणि म्हातारपणी पुन्हा तव्यापाशी बसली.

आळीत कुजबुज झाली, पण काम थांबलं नाही. दोधू उठून बसला तेव्हा वरचे आडवे रूळ जोडून झाले होते. त्याने बायकोच्या भाजलेल्या मनगटाला तेल लावलं.

पुढे काही वर्षं गेली. गजराबाईने त्याच घरात समाधानाने डोळे मिटले. मग एका भाद्रपदात तापी फुगली आणि भरदिवसा आळीत शिरली. मातीच्या भिंती पाण्यात विरघळायला लागल्या. जवळपासची माणसं धनुबाईच्या धाब्याकडे धावली. ती शिडीच्या तोंडाशी उभी राहून एकेकाला वर घेत होती. लेकुरवाळ्या, म्हातारी माणसं, शेळ्या, आणि कमरेभर पाण्यातून आलेला रूपचंदही. त्याचा हात धरून तिने त्याला ओढून घेतलं.

खाली तिच्याही घराच्या भिंती एकेक करून बसल्या. प्रत्येक वेळी धाब्यावरची माणसं एकमेकांना घट्ट धरत. पण रूळ हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा भिंतींवाचून नुसता सांगाडा उभा होता आणि वर सगळी माणसं जिवंत होती.

तिच्या भिंती आळीने मिळून उभ्या केल्या. मातीची पहिली पाटी रूपचंदने डोक्यावर आणली.

दिवाळी झाल्यावर धनुबाई नवऱ्याला म्हणाली, "आमश्याले सांगाले जानं पडी." दोघं दोंडाईच्याहून आगगाडीने नवापूरला गेली. टेकडीच्या उतारावर आमश्याचं झोपडं होतं. त्याची बायको सुसाना दारात भात पाखडत होती. घणाच्या आवाजाने आमश्याचे कान गेले होते. धनुबाई त्याच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने सांगत गेली. कोण कोण वर चढलं, पाणी किती आलं, भिंती कशा बसल्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "सासू?"

"गयात. पूरना पहिलेच."

"भाता चांगला मारे," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

धनुबाईने सोबत आणलेलं नवं लुगडं सुसानाच्या हातात दिलं आणि धोतरजोडी आमश्यासमोर ठेवून त्याच्या पाया पडली. तो घाईघाईने मागे सरकला. सुसानाने मात्र तिला उठवून जवळ घेतलं आणि चुलीवर नव्या तांदळाचा भात चढवला. जेवण झाल्यावर आमश्याने दोधूला आपलं शेत दाखवलं. जाताना सुसानाने तांदळाचं गाठोडं बांधून दिलं, आणि चौघंही बोलत बोलत स्टेशनाकडे निघाली.