भिंतीतला जाडा खांब

चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यावर काशीनाथ रामटेके यांना एक खोड जडली होती. खांब दिसला की ते तो वाजवून बघत. निवृत्तीनंतर ते आणि शैलाताई मुलीकडे, उन्नतीकडे, नोएडाच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा तिथे वाजवायला भरपूर होतं. सतरा मजले, डोक्यावर मुघल घुमट, खाली रोमन खांब.

"बाबा, हे पोस्टमॉडर्न आहे," उन्नती म्हणाली. ती स्वतः आर्किटेक्ट. "या खांबांनी काही उचलायचं नसतं, फक्त दिसायचं असतं."

"अच्छा, म्हणजे आमच्या अंडर सेक्रेटरीसारखं," काशीनाथ म्हणाले.

मागच्या कुंपणभिंतीतला सगळ्यात जाडा खांब वाजवला, तर त्याला चक्क दार निघालं. आत चार वायरी आणि समोर दुसरं दार. ते ढकललं, तर काशीनाथ थेट पलीकडच्या गावात, विष्णू न्हाव्याच्या सलूनसमोर उभे. मुख्य गेटमधून वळसा घालून तिथे पोचायला अर्धा तास लागायचा.

त्या दिवसापासून शैलाताईंकडे ताजी मेथी यायला लागली. मग शेजारणींना सुगावा लागला. मग गावातून कामाला येणाऱ्या बायकांचीही पायपीट वाचली. आठवड्याभरात खांबापुढे रांग लागली.

ही भिंत दोन फुटांनी वाढवून घेणारे सोसायटीचे अध्यक्ष खवळले. रविवारी सकाळी ते स्वतः चौकशीला खांबात शिरले. नेमका त्याच वेळी पलीकडून विष्णू शिरला. दोघंही अंगापिंडाने भरलेले. मधोमध पोट पोटाला टेकलं आणि गाडी अडली.

"पीछे हटिए," अध्यक्ष म्हणाले.

"हट ही तो नहीं पा रहा, साहब."

काशीनाथांनी टेप लावली. "व्यास सत्तावीस इंच. दोघांनी एकदम श्वास घेऊ नका. बारी बारी से."

शेवटी सलूनमधला दाढीचा फेस दोन्ही बाजूंनी ओतला. विष्णू उलटा सटकला, आणि त्याच्यामागोमाग अध्यक्षही गावातच जाऊन पडले. तोंडाला फेस लागलाच होता, म्हणून विष्णूने त्यांची दाढीही करून टाकली. ती त्यांना आवडली.

पुढच्या सभेत ठराव झाला, भिंत राहू द्यावी, खांबात बल्ब लावावा. काशीनाथांनी खांब रुंद करायचा नकाशा रीतसर काढून दिला. उन्नतीने तो नापास केला. म्हणे, दर्शनी भाग बिघडतो.

काशीनाथ आठवडाभर तिच्याशी फक्त हिंदीत बोलले.