अतीत कोण?

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. आयुष्याची बरीच वर्षे मी इतरांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालवली. अशा माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःची वाक्ये घेऊन वाचकांसमोर यावे, याचा मला मनापासून संकोच वाटतो आहे. त्यातून ज्या भावनेविषयी लिहायचे आहे, ती काही मिरवावी अशी नव्हे. तेव्हा वाचकांनी मला थोडे सांभाळून घ्यावे, एवढीच विनंती.

डोळे मिटले की आमच्या दाराबाहेरच्या चपला दिसतात. अगदी चिमुकल्या, रंगीबेरंगी. कुणाच्या पट्ट्यावर ससा, कुणाच्या टाचेशी पाऊल टाकताच चिवचिवणारी शिट्टी. सकाळी मी शाळेला निघे तेव्हा त्या एकीवर एक चढून बसलेल्या असत आणि माझे बूट त्यांच्याखाली कुठेतरी दडपलेले सापडत. त्या ढिगातून आपले बूट ओढून काढताना मनात जे काही होत असे, त्याला मत्सर म्हणतात हे मला फार उशिरा कळले.

आम्ही, म्हणजे आई आणि मी, विरार पूर्वेला चंदनसारमध्ये राहत होतो. नव्वदीचे दशक सरत आले होते. आमची इमारत भातशेतांच्या मधोमध उभी राहिली होती. एका खिडकीतून जीवदानीचा डोंगर दिसे आणि दुसरीतून नव्या इमारतींचे लोखंडी गज. बोअरिंगचे पाणी मचूळ होते, त्यामुळे त्या पाण्याने धुतलेल्या केसांनाही खारट वास येई. वडील आमच्यासोबत नव्हते. त्यांनी दुसरीकडे संसार थाटला होता आणि त्या घरात त्यांना दोन मुलगे होते. आईने ही गोष्ट माझ्यापासून लपवली नाही आणि पुन्हा कधी उच्चारलीही नाही. मी मात्र त्या एका वाक्यातून माझ्यापुरता एक नियम काढून ठेवला होता — मोठी माणसे दुसऱ्या मुलांकडे निघून जाऊ शकतात.

सुरुवातीला आई गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाई. मी गळ्यात घराची किल्ली अडकवून शाळेतून परत येई, दार उघडून झाकून ठेवलेला भात खाई आणि जिन्यात तिची पावले ऐकू येईपर्यंत खिडकीशी बसून राही. ती किल्ली उन्हात तापे, छातीला चटका देई. एकदा मला त्या किल्लीसह जिन्यातच झोपलेली पाहून आईने कारखाना सोडला आणि घरात पाळणाघर काढले. ‘आता मी दिवसभर घरीच,’ ती म्हणाली. माझ्यासाठीच तिने ते काढले होते. आणि ते सुरू झाले त्या दिवसापासून आई माझी एकटीची उरली नाही.

पाळणाघराला स्वतःचा एक वास असतो. उकळलेल्या दुधाच्या बाटल्या, मेतकूट कालवलेला मऊ भात, पावडर, दोरीवर कधीच पुरते न वाळणारे लंगोट... आणि या सगळ्यांच्या तळाशी कुणा परक्या झोपलेल्या बाळाच्या टाळूचा गोडसर, उबदार गंध. पूर्वी आईच्या पदराला शिकेकाईचा वास येई. आता मी तोंड खुपसले की त्यात पाच-सहा घरांचे वास मिसळलेले असत. मी त्यांतून शिकेकाई शोधत राही. छताच्या कडीला जुन्या साडीची झोळी टांगलेली असे. ती साडी मला आठवत होती. तिच्या निऱ्यांत तोंड लपवून मी शाळेच्या पहिल्या दिवशी रडले होते. आता तिच्यात सानू झोपत असे.

सानू म्हणजे सावंतांची सानिका. तिचे आईवडील दोघेही मुंबईला नोकरीला. उजाडण्याआधी ते तिला अर्धवट झोपेत आणून आईच्या खांद्यावर टाकत आणि दिवेलागणीला घेऊन जात. आली तेव्हा ती काही महिन्यांचीच होती. बाकीची मुले आईला ‘काकू’ म्हणत. सानू बोलू लागली आणि तिने आईला ‘आई’ म्हटले. स्वतःच्या आईला ती ‘मम्मी’ म्हणे. म्हणजे तिच्याकडे एक मम्मी होती, एक आई होती, वर एक पप्पाही होते. माझ्याकडे होती ती एकच. आणि तिच्यातलाही वाटा सानू मागत होती. कटू गोष्ट अशी, की हा शब्द तिला शिकवला कोणी, तर मीच. दिवसभर त्या घरात ‘आई, आई’ म्हणून हाका मारणारी माझ्याशिवाय होती तरी कोण?

गावातली एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन वेलची केळी विकायला येई. उन्हाने दमून ती उंबऱ्याशी बसली, की ‘बाय, जरा पानी दे,’ म्हणे. एकदा तिने घरातला गोंधळ पाहिला आणि आईला विचारले, ‘एवडी पोरा तुजीच का गो?’

आई केळी निवडत होती. ‘हो तर. सगळी माझीच,’ ती हसून म्हणाली. ‘दोन डझन दे. आणि पिकलेली बघून दे, नाहीतर ही सगळी माझ्याच जिवावर उठतील.’

म्हातारी पोट धरून हसली. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते. ‘सगळी माझीच.’ या दोन शब्दांत माझे असे वेगळे काहीच नव्हते.

एका वर्षी मला कांजिण्या झाल्या. साथीच्या भीतीने सगळ्यांनी आपापली मुले पाठवणे बंद केले. दाराबाहेर फक्त माझे बूट आणि आईच्या चपला. उशाशी कडुलिंबाचे डहाळे, त्यांचा कडवट हिरवा वास, दुपारची शांतता आणि माझ्या कपाळावर आईचा हात... ते माझ्या बालपणातले सर्वांत सुखाचे दिवस होते. आमटी दिवसागणिक पातळ होत चालली होती, हे मला दिसत होते. त्याचा अर्थ लावण्याची मला घाई नव्हती. एका दुपारी आई खिडकीशी उभी होती. तिने माझ्या दंडावरची खपली निरखली आणि म्हणाली, ‘सुकत आल्या गं. आता येतील पोरं.’ त्या स्वरात सुटका होती, आणि आणखीही काहीतरी. तिला त्यांची आठवण येत होती! मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केले.

तरीही वर्षात एक संध्याकाळ अशी होती, जिच्यात दुसऱ्या कुणाला शिरकाव नव्हता. श्रावण सरताना येणारी पिठोरी अमावास्या. त्या दिवशी आई कणकेचे दिवे लावी, खीरपुरीचे वाण करी, देवापुढे पाटावर बसे आणि ताट डोक्यावर धरून, पाठीमागे न पाहता विचारी, ‘अतीत कोण?’ अतीत म्हणजे अतिथी. अन्नाला कोण आले आहे, असा त्या प्रश्नाचा अर्थ. लेकराने मागून आपले नाव सांगायचे आणि ते ताट घ्यायचे. आईने वळून बघायचे नाही, असा त्यातला कडक नियम. मागे माझ्याशिवाय कुणी नाही हे तिला ठाऊक असे, तरी दरवर्षी ती अशा काही नवलाने विचारी, की मला क्षणभर उत्तर लांबवावेसे वाटे. मग मी म्हणे, ‘मी, मंजू!’ आणि ती म्हणे, ‘घे, औक्षवंत हो.’ किल्ली तापो, वडील कुठेही राहोत, त्या एका प्रश्नाचे उत्तर फक्त मी होते.

सानू तीन वर्षांची झाली त्या वर्षी अमावास्येला दुपारपासून पावसाने झोडपले. गाड्या बंद पडल्या. सावंतवहिनींनी शेजाऱ्यांकडे फोन करून उशीर होईल असे कळवले. बाकीची मुले आपापल्या घरी गेली, सानू राहिली. तिचे कपडे भिजले होते म्हणून आईने तिला माझा जुना फ्रॉक घातला. वीज गेली होती. कणकेच्या दिव्यांच्या उजेडात, तुपाच्या वासात, आम्ही दोघी आईच्या पाठीमागे बसलो.

‘अतीत कोण?’ आईने विचारले.

मी नेहमीसारखी क्षणभर थांबले.

‘मी! आई, मी!’ सानू ओरडली.

आईचे हात हवेत थबकले. मग तिने ताट अलगद मागे उतरवले. ‘घे बाळा, औक्षवंत हो.’ सानूला ते पेलवेना. खीर कडेने तिच्या अंगातल्या माझ्या फ्रॉकवर सांडली. आईने वळून न पाहता पाटाशेजारचे दुसरे ताट उचलून डोक्यावर घेतले. दुसरे ताट! म्हणजे तिने आधीच दोन वाढून ठेवली होती.

‘अतीत कोण?’

मी फ्रॉकवरून ओघळणाऱ्या खिरीकडे बघत राहिले. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

‘अतीत कोण?’

‘आई, ताई आहे ना!’ तोंडातली पुरी सांभाळत सानूने सांगून टाकले.

‘तू गप गं चोंबडे. ज्याचं त्यानं सांगायचं असतं.’ आईच्या बांगड्या किणकिणल्या. ताट अजून तिच्या हातांत वरच होते. दिवसभर त्याच हातांनी तिने किती मुले उचलली असतील... ‘सांगा बाई लवकर, हात भरून आले माझे. कोण आहे मागे? माझी थोरली आहे का?’

थोरली.

तोवर मी सगळ्यांच्या तोंडी ‘एकुलती एक’ होते. शेजारच्या बायका ते शब्द जीभ टाळ्याला लावून, हळहळत उच्चारत. ‘थोरली’ मला कुणीच म्हटले नव्हते. त्या शब्दाने माझ्याकडून एक जागा काढून घेतली आणि दुसरी दिली. घ्यावी की न घ्यावी, मला ठरवता येईना. राग आला होता, रडू येत होते, आणि तिचे हात तसेच वर होते.

‘मी,’ मी शेवटी म्हटले. ‘थोरली.’

‘मग घे की. केव्हाची ताटकळत ठेवलीयेस!’

त्या ताटावर पुऱ्यांखाली लपवलेले काजू होते. सानूच्या ताटात ते नव्हते, हे मी नीट पाहून घेतले.

सावंतवहिनी चिंब भिजून आल्या. सानूने दारातच वर्दी दिली, ‘मम्मी, आईने मला वाण दिलं!’ वहिनी छत्री मिटायची विसरल्या. ‘आमच्याकडे कुणी करत नाही हो हे,’ त्या म्हणाल्या, ‘माझ्या डोक्यातसुद्धा नाही आलं.’ मग त्यांनी हात पुढे केले, तर सानू आईच्या पदरात शिरली. वहिनी हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिले. ‘बघा ताई, आता मीच पाहुणी.’

‘अहो, दमलीय ती. झोप आलीय तिला,’ आई म्हणाली आणि सानूच्या पाठीवर थाप देत राहिली. ‘जा गं राणी, मम्मी किती भिजून आलीय बघ.’

वहिनींची नजर माझ्याकडे वळली. दारात, दिव्याच्या त्या पिवळ्या उजेडात, एका मोठ्या बाईच्या चेहऱ्यावर मी माझाच चेहरा पाहिला. आम्ही दोघींनी लगेच डोळे वळवले.

पुढे सावंत पुण्याला गेले. पाळणाघरात नवी मुले आली, मोठी झाली, गेली. दाराबाहेरचा ढीग हळूहळू ओसरला. सानू मात्र दरवर्षी पिठोरीला फोन करी आणि आईला फोनवरच ‘अतीत कोण?’ विचारायला लावी. मी शेजारी बसून ऐके. मोठी झाले, नोकरीला लागले, चष्मा आला, तरी त्या क्षणी आत काहीतरी टोचल्यावाचून राहिले नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. सानू आली, दारात चपला काढल्या आणि माझ्या गळ्यात पडून ‘ताई, आई गेली गं,’ म्हणाली. त्याही क्षणी माझ्या मनात आले ते असे — हिची मम्मी आहे अजून. हिच्याकडे एक शिल्लक आहे. पण मग ध्यानात आले, की माझ्या आईला ‘आई’ म्हणणारे जगात आता दुसरे कुणीही नाही. तो शब्द मी कुणाशी वाटून घेणार होते, तर हिच्याशीच.

शब्दांच्या चुका काढत असताना मला एकदा जाणवले होते, की पुस्तकी मराठीत ‘अतीत’ म्हणजे होऊन गेलेले, सरून गेलेले. आईच्या तोंडचा ‘अतीत’ मात्र मी कधी चूक म्हणून खोडला नाही. दोन्ही अर्थ खरेच आहेत.

आज पिठोरी आहे. सानूचा सकाळीच फोन आला. संध्याकाळी येते म्हणाली. मी खीर केली आहे, कणकेचे दिवे वळले आहेत. पाट मांडला आहे आणि त्याच्यापाशी कितीतरी वेळ नुसती उभी आहे. काजू अजून डब्यातच आहेत. ते कुणाच्या ताटात घालायचे, हेही ठरलेले नाही. आमच्याकडे हे सांगायला वडीलधारे कुणी उरले नाही, म्हणून तुम्हालाच विचारते — आई नसली, की ते ताट डोक्यावर घेऊन थोरलीने बसायचे असते का?