घटाचा मान

रहाटणीत जिथे आमचं शेत होतं, तिथे आता आमचीच इमारत आहे. खाली काका-काकू, त्यांच्यावर आम्ही, बाकी मजल्यांवर भाडेकरू. देवघर मात्र एकच, काकांकडे. नवरात्रात घटाला हात लावायचा मान पाळी गेलेल्या बाईचा, कारण नऊ दिवसांत मध्येच अडचण आली तर देवीला चालत नाही. आई थोरली सून, पण वर्षानुवर्षं भावकीतली एक म्हातारी येऊन घट बसवायची. आई माती चाळून द्यायची आणि लांब उभी राहायची. मान मिळाला त्या वर्षी तिने नवी साडी नेसून अख्ख्या भावकीला घट बघायला बोलावलं.

मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागले. हे मी अजूनही छाती काढून सांगते. पण आईचं मला कळलं ते शिक्षणामुळे नाही. कपाटातली माझी पॅडची पाकिटं लवकर संपायला लागली म्हणून कळलं.

"आई, माझी पॅड कोण घेतंय?"

"मग काय तुझा बाप घेतोय?" ती हसली आणि लगेच दार लोटून घेतलं. "हळू बोल. खाली ऐकू जाईल."

गौरी-गणपतीपासून तिच्या अंगावरून जात होतं. आधी ती जुनं कापड घ्यायची. पण गच्चीवरच्या दोरीवर ते वाळताना दिसलं असतं तर काकूने ओळखलं असतं. म्हणून माझी पॅड.

मी म्हटलं, "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं चांगलं नाही. उद्याच दवाखान्यात जाऊ."

"नवरात्र उरकू दे. आत्ता कळलं तर तुझी काकू घट काढून घेईल माझ्या हातातनं."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"देवीचं मी बघते. कॉलेजात देवीचं शिकवत्यात व्हय?"

मी भांडले. बोलायचं बंद केलं. वडिलांना सांगेन अशी धमकी दिली. "सांग की," म्हणाली, "बापापुढं एवढंच बोलायचं ऱ्हायलंय आता." ती हलली नाही.

घट बसले. रोज माळ चढवली की ती घटापासून लांब सरकून भिंतीला टेकून बसायची. बायका म्हणायच्या, उपवास कडक धरलाय. तो उपवास नव्हता, भीती होती. आपण विटाळात देवीला शिवतोय, असं तिला वाटायचं. तरी मान सुटत नव्हता.

दसऱ्यानंतर पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जपून जपून सांगितलं. गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे हे पाळीचं न्हवतं?"

"नाही मावशी. हे आजाराचं रक्त."

"मग मी देवीला बाटवलं न्हाई."

पाळीचं असतं तरी काय बाटलं असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता. मी ते गिळलं. येताना पिंपरी कॅम्पातल्या बाजारात तिने रिक्षा थांबवायला लावली, पेढे घेतले आणि घरी येऊन आधी देवीपुढे ठेवले.

"ताई, पेढे कसले?" काकूने विचारलं. "रिपोर्ट चांगलं आलं व्हय?"

"माझ्यापुरतं चांगलंच," आई म्हणाली.

पुढच्या नवरात्राआधी ती गेली.

मान आता काकूकडे आहे. घट बसायच्या आदल्या दिवशी मी खाली जाते आणि माती चाळत बसलेल्या काकूला सगळ्या बायकांदेखत विचारते, "काकू, अंगावरून काही जात नाही ना?"

"तोंड हाय का काय हे!" ती चाळणी आपटते. "आईवर न्हाई गेलीस तू."

"नाही गेले," मी म्हणते, आणि ती उत्तर देईपर्यंत तिथेच उभी राहते.