हरणांवर ओरडलेली आई

दिवाळीत आईला लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण तोंड जरा वाकडं राहिलं आणि बोलणं अडखळायला लागलं. एकदा शेजारच्या बायका ते ऐकून हसल्या, तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहिल्या तरच वाचा सुधारेल, नाहीतर अशाच राहतील." मी तिच्या हातापाया पडले, भांडले, शेवटी दोन दिवस अबोला धरला. न बोलणाऱ्या माणसाशी कसला अबोला, पण माझंच डोकं फिरलं होतं.

रोज थोडं चालवा, असंही डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून संक्रांत झाल्यावर तिला कर्जतजवळच्या हरणांच्या अभयारण्यात घेऊन गेले. वाट सपाट, कुठं चढ म्हणून नाही. दोन्ही बाजूंना बाभळी, हिवर आणि वाळलेलं गवत. तित्तर ओरडत होते, एक मोर तर आमच्यापुढून सासऱ्याच्या रुबाबात सावकाश निघून गेला. आई काठी टेकत चालत होती. बडबड माझी एकटीचीच, घसा दुखला माझा.

जनावरं बघायला बांधलेल्या मनोऱ्यापाशी पुण्याची मंडळी कॅमेरे लावून बसली होती. समोर काळविटांचा कळप चरत होता. इतकं देखणं जनावर मी एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात एक मादी कुंपणाच्या तारेखालून पलीकडं गेली. पलीकडं कुणाची तरी ज्वारी, ऐन दाण्यात आलेली. तिच्यामागं दुसरी मादी निघाली.

पिकात हरणं शिरली की काठी उगारून आरोळी ठोकायची, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आईची काठी वर गेली.

"हाऽऽड! हाड, हाड!"

कळप उधळला आणि बाभळींत दिसेनासा झाला. पुण्याच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. रखवालदार धावत आला.

"आजी, हितं वरडायचं न्हाई. जनावरं बिथरत्यात."

"मग… जवारी… कोन राखनार?" आई म्हणाली. शब्द वाकडेतिकडे, पण एकन् एक कळला.

"गप ऱ्हावा, आजी."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "भाऊ, आम्हाला बाहेर काढायचं तर काढा, पण तिला गप राहा म्हणू नका."

"तू… मधी बोलू नगंस," आई मला म्हणाली, आणि पुन्हा त्याच्याकडं वळून भांडायला लागली.