लेखी आबा

आमच्या आबा वकिलांना कोल्हापूरच्या कोर्टात सगळे ‘लेखी आबा’ म्हणत. समोर फौजदार असो की मामलेदार, त्याचं बोलणं ते पुरतं ऐकून घेत आणि शांतपणे म्हणत, ‘‘साहेब, एवढं लिहून द्या की.’’ निम्मी प्रकरणं तिथंच मिटायची. तोंडानं दरडावणाऱ्याला सही करणं जड जाई. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं टायपिस्ट होते.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं, तेव्हा कबनूरच्या खातूनबीचं प्रकरण आलं. मागावर राबणाऱ्या घरातली मुलगी. लग्न होऊन कराचीला गेली, नवरा वारला, म्हणून आईकडे परतली. परतली ती पाकिस्तानी पासपोर्टवर. दुसरा तिला देणार कोण? व्हिसाची मुदत संपली आणि एका सकाळी पोलीस दारात उभे राहिले. आजच्या आज गाडीत बसायचं, सरहद्दीपलीकडं जायचं, म्हणाले.

कळताच आबा तसेच ठाण्यात गेले. मागोमाग कागद घेऊन मी.

‘‘बाई पाकिस्तानी हाय, आबा. तुमी कशाला यात पडताय?’’ फौजदार म्हणाले.

‘‘असंल बी. पण ती कुठली हे दिल्लीनं ठरवायचं, ठाण्यानं न्हाय. जन्म कबनूरचा हाय तिचा. तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलंय काय?’’

लेखी हुकूम नव्हताच. खातूनबी त्या दिवशी घरी गेली.

दिल्लीला अर्ज गेला. निकाल लागेपर्यंत दर सोमवारी ठाण्यात हजेरी ठरली. पहिल्या सोमवारी तिला दुपारपर्यंत व्हरांड्यात उभं ठेवलं. दुसऱ्या सोमवारी आबा बरोबर गेले आणि तिला बाकावर बसवून स्वतः शेजारी बसले. पुढची दोन वर्षं त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. गावात त्यांना ‘पाकिस्तानचा वकील’ म्हणू लागले, काही जुने पक्षकार तुटले. एकानं तोंडावर विचारलं, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, ‘‘उद्या तुमच्या दारात हुकमाबिगर पोलीस आला, तर तुमचाबी वकील मीच हाय.’’

शेवटी दिल्लीचा कागद आला. तिनं आपखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, असा निर्णय होता. आबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘कायद्यात बसतंय,’’ म्हणाले. मग पंधरा दिवसांची मुदत आणि बरोबर बाई पोलीस, एवढं त्यांनी मागून घेतलं.

स्टेशनवर खातूनबी रडली नाही. खिडकीतून म्हणाली, ‘‘वकीलसाब, अम्मीकडं बघा.’’ आबांनी मान हलवली. गाडी गेली तरी तिची म्हातारी आई फलाटावरून उठेना. आबा धोतर सावरून तिच्याजवळ खाली बसले.

त्यानंतर म्हातारी महिन्यातून एकदा एसटीनं ऑफिसात यायची. ‘‘कागद आला काय, साब?’’

‘‘न्हाय अजून. अर्ज केलाय की.’’

पहिले दोन अर्ज खरे होते. खातूनबीला परत यायला व्हिसा मिळावा म्हणून मीच टाइप केले होते. दोन्ही नामंजूर झाले. मग पाकिस्तानशी लढाई पेटली, वाटच बंद झाली. तरी आबांचं उत्तर बदललं नाही. चहा मागवून ते तिला तेच सांगत राहिले.

आबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात ती आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग मलाच विचारलं, ‘‘कागद आला काय गं, बाई?’’

‘‘अर्ज केलाय, अम्मा,’’ मी म्हणाले.

ती गेल्यावर मशिनवर कोरा कागद चढवला आणि अर्ज खरोखरच टाइप केला. खाली सही कुणाची घ्यायची, ते मात्र सुचेना.