भोरड्या उठेनात

आम्ही जुने कामगार चहाला जमलो की एक किस्सा निघतो. मग एक भोरडी झाडावर बसली की मागून अख्खा थवा उतरतो, तसे बाकीचे उतरतात. हसतो आम्ही भरपूर. पण पिंपरीतल्या त्या बागेचे किस्से निघाले, की हसून झाल्यावर कुणी कुणाकडे बघत नाही. लाज वाटते हो, अजून वाटते!

पन्नास सालानंतरचे ते दिवस. कंपनी नवी, आम्हीही नवे. कंपनीनं गेटसमोर भली मोठी बाग केली होती. जुना वड आणि काटेसावर तेवढी राखली, बाकी सगळी हिरवळ आणि बाकं.

*

आमच्यातला सावंत कोकणातला. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी तो धावत डिपार्टमेंटमध्ये आला. "अरे, पेंट शॉपवाल्यांनी हद्द केली! साळुंक्या धरून गुलाबी रंगवल्यात!"

मशीनं सोडून आम्ही बघायला गेलो. सावरीवर शेकडो पाखरं. डोकं काळं, अंग गुलाबी! आणि हा रंग पावसात टिकेल का, यावर आम्ही गंभीरपणे बोलतोय!

बागेचे वॉचमन तात्या कासारवाडीचे. ते म्हणाले, "भोरड्या हायती त्या. दर साली येत्यात. जोंधळा खाऊन माजत्यात आन् चैतात उत्तरंला निघून जात्यात."

*

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाकांवर डबे सोडायचो. तात्या जवळच उभे. बसा म्हटलं तर म्हणायचे, "नगं, ड्युटी हाय."

सावंतानं एकदा भाकरी मोडता मोडता विचारलं, "तात्या, पाखरांचं एवढं कळतं म्हणजे तुमची शेती असणार. कुठंय शेत?"

"तुमी बसलाय न्हवं, त्येच."

सावंताचा घास हातातच राहिला.

"जेवा, जेवा," तात्याच म्हणाले. "रान गेलं. आता ही शिट्टी तेवढी ऱ्हायली, ती जपायची."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कँटीनच्या मागे जेवायला लागलो.

*

सावंत पर्मनंट व्हायचा होता. साहेबांचं बोलावणं आलं, तसा परीटघडीचा पांढरा सदरा घालून निघाला. नेमका वडाखालून गेला, आणि खांद्यापासून खिशापर्यंत जांभळे ओघळ घेऊन साहेबांपुढं उभा राहिला!

साहेब मुंबईचे. "हे काय?"

"भोरड्या, साहेब!"

"भोरड्या कुणाला म्हणतोस रे?" साहेबांना ती शिवी वाटली!

ते पाखराचं नाव आहे, हे सांगायला फोरमनला बोलवावं लागलं. सावंत पर्मनंट झाला, पण त्या दिवसापासून साहेबांचं लक्ष बागेतल्या पाखरांकडे गेलं.

*

पुढच्याच आठवड्यात परदेशी पाहुणे यायचे होते. चहापान बागेत. साहेबांनी तात्यांना आमच्यादेखत बजावलं, "उद्या एक जरी भोरड्या इथं दिसला, तर परवापासून कामावर येऊ नकोस!"

"साहेब, चार दिसांत त्या आपनहून जात्यात."

"पाहुणे उद्या आहेत!"

"पर जोंधळाच न्हाई, तर राखू काय?"

साहेब निघून गेले. शेतात राखणीला माळा असतो तशी उंच जागा हवी, म्हणून पेंटरची शिडी आम्हीच वडाला लावून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब, त्यांच्या मॅडम आणि पाहुणे बाकांवर, आम्ही इस्त्रीच्या कपड्यांत सतरंजीवर. वर नुसता कलकलाट! तात्यांनी घरून गोफण आणली होती. काचा फुटतील म्हणून दगड लावायचा नाही, असा हुकूम होता. ते शिडीवर चढले, रिकामी गोफण गरगरा फिरवून फाडकन वाजवली, आणि जन्माच्या सवयीनं खच्चून ओरडले,

"उठा रं! रान काय तुमच्या बापाचं हाय?"

साहेब कपबशीसकट उठले. मॅडम उठल्या. पाहुण्यांना मराठी कुठलं कळायला, पण सगळे उठले म्हणून तेही उठले. आम्ही तर केव्हाच उठलो होतो, माना खाली घालून.

भोरड्या तेवढ्या बसून राहिल्या.