कॅरियर नसलेली सायकल

सायकलला खर्च किती येतो, हे विचारायला लोक माझ्या दुकानात येतात. टपाल नाक्याजवळ माझं सायकलचं दुकान आहे. भाड्यानेही देतो, दुरुस्तही करतो. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, सगळं मी समजावून सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावून जातं. काशिराम मुकादमाने मात्र हा प्रश्न मला कधी विचारला नाही. त्याला जो खर्च आला, तो माझ्या दुकानात मिळणाऱ्या कुठल्याच वस्तूचा नव्हता.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर तो एक जुनी काळी सायकल ढकलत माझ्याकडे आला. वय साठीला टेकलेलं. खाडीकाठच्या मिठागरात त्याची उभी हयात गेली होती. आधी मीठ ओढणारा मजूर, मग टोळीचा मुकादम. गुडघे कुरकुरायला लागले तसा मालकाने त्याला नारळ दिला, आणि नारळाबरोबर आपली जुनी सायकलही देऊन टाकली.

"शेट, हिचं मागचं कॅरियर काढा," तो म्हणाला.

मला वाटलं मोडलं असेल. पाहिलं तर चांगलं भक्कम. "मुकादम, कॅरियर काढलं तर पिशवी कुठे बांधणार?"

"पिशवी बांधायचीच नाय. कॅरियर दिसलं की लोक कामं सांगतात. आजवर लई ऐकली."

पनवेलात तेव्हा सायकल असायची ती दूधवाल्याकडे, पोस्टमनकडे, नाहीतर सुकी मासळी विकणाऱ्याकडे. हौस म्हणून बसायचं ते हायस्कुलातल्या पोरांनी, तेही बाप बघत नसताना. माझ्या दृष्टीने कॅरियर नसलेली सायकल म्हणजे खिसा नसलेला सदरा. तरी मी ते काढलं आणि दुकानात खिळ्याला टांगून ठेवलं, कारण महिन्याभरात तो ते परत मागायला येणार याची मला खात्री होती. मला माणसं कळतात, असा माझा समज आहे.

त्याचे तळवे मी पाहिले होते. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांची पार चाळण झाली होती. चपलेत पाय राहत नसे आणि अनवाणी चाललं तर रस्त्याची खडी टोचे. सायकल तो मिठागराच्या बांधावर शिकला होता. बांधावरून पडलं तरी खाली चिखल, त्यामुळे लागायचं काही नाही, नुसतं खारायचं. एकदा मी त्याला विचारलं, या वयात यात तुम्हाला मिळतं तरी काय?

"पाय भुईला लागत नाय, शेट," तो म्हणाला. "उतारावर तर पायांना कायच काम नाय. आख्ख्या जल्मात माझ्या पायांना पयल्यांदाच सुट्टी मिळाली."

त्या दिवशी मी त्याच्या चेनला तेल घातलं आणि पैसे मागितले नाहीत.

रोज उजाडता उजाडता तो सुकापूरवरून नेऱ्याच्या वाटेला लागायचा. नाक्यावर कोणीतरी हटकायचंच, "कुठं, मुकादम?" तो म्हणायचा, "कुठं नाय." आता आमच्या गावात कुठेच न जाणारा माणूस अजून जन्मायचाय. कोणी म्हणालं, नेऱ्याला जमीन बघतोय. कोणी म्हणालं, तिकडे बाई ठेवली आहे. हे दुसरं त्याच्या बायकोच्या, गुणाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "तिथवर पोचला की बसून धापा टाकीत असंल. बाईला काय धापा ऐकवनार?" आणि तिने तो विषय मिटवला.

नेरे इथून अडीच कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला. वाट हळूहळू चढत जाते आणि गावाच्या तोंडाशी चांगली दमवते. तिथे पोचेपर्यंत काशिरामच्या घशाला कोरड पडायची. पहिलंच घर बळीराम भोईराचं. याने कुडाला सायकल टेकवली आणि पाणी मागितलं. बळीरामची बायको भीमाबाई तांब्या घेऊन आली. "कोनाकडं आलात?" तिने विचारलं.

"कोनाकडं नाय. सहज."

आपल्याकडे असा सहज कोण येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुलाचा बाप काही थेट मुलगी दाखवा म्हणत नाही. तो वाट वाकडी करून येतो, पाणी मागतो, आणि शहाणं घर असेल तर पाणी घेऊन मुलीला पुढे करतं. तिची चाल, तिचा हात, तिची नजर, सगळं त्या एका तांब्यात बघून होतं. भीमाबाईने गुपचूप चौकशी केली. पनवेलचा मुकादम, घरात लग्नाचा मुलगा, नाव आनंदा, भातगिरणीत कामाला. झालं. पुढल्या सोमवारपासून पाणी घेऊन वेणू येऊ लागली.

आमच्या मुकादमाला वाटलं, बाईचे हात कामात असतील म्हणून पोर आली. तो पाणी प्यायचा, "बरं हाय" म्हणायचा आणि सायकल वळवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मुलगी बघायला लोक एकदा येतात, फार तर दोनदा. हा दिवाळीपासून शिमग्यापर्यंत येत राहिला. इतकी पारखून मुलगी बघणारा माणूस नेऱ्याने कधी पाहिला नव्हता.

शिमग्याचे सोंग-ढोल थांबले आणि बळीराम दोन वडीलधाऱ्यांना घेऊन काशिरामच्या ओट्यावर येऊन बसला. मुलीकडच्यांनी आपणहून यायचं म्हणजे कमीपणाच, पण चार महिने वाट पाहून त्यांचा धीर सुटला होता. गुणाबाईने मला बोलावणं धाडलं. "शेट, यांच्या सायकलचं तुमीच काय ते सांगा," ती म्हणाली. तिचं तोंड सुकलं होतं. तिने आनंदासाठी रोडपालीची, सख्ख्या भावाची मुलगी मनात धरली होती.

"पावनं, मी पोरगी बघायला येत नवतो," काशिराम सांगत होता. "सायकल चालवायला येत होतो."

पाहुणे अदबीने हसले. मुलाकडचा माणूस आधी आढेवेढे घेणारच.

मी देवाची शपथ घेऊन सांगितलं, की याला सायकलची नुसती हौस आहे. तेव्हा त्यांच्यातला थोरला म्हातारा माझ्याकडे वळला. "अडीच कोस जायाचं, पानी प्यायाचं नि माघारी यायाचं. याचं याला कोन काय देतं?"

"कोणी काही देत नाही."

"मंग संगती सामान काय नेतो?"

"काहीच नेत नाही. सायकलला कॅरियरच नाही."

म्हाताऱ्याने बळीरामकडे पाहून मान हलवली. नेण्या-आणण्याचं काही नाही म्हटल्यावर, माणूस मुलीसाठीच येतो यात त्याला शंका उरली नाही. माझी साक्ष अशी माझ्याच माणसावर उलटली.

मग बळीराम बोलला, आणि त्याच्या बोलण्यात हसू नव्हतं. "मुकादम, वेनूला दुसरं स्थळ आलं होतं. बिजवर हाय, दोन पोरांचा, पन खाऊन-पिऊन सुखी. तुमी रोज येता म्हनून आमी त्याला नकार दिला. आता तुमी नाय म्हनाल तर लोक काय बोलतील? चार महिनं बघितली नि सोडली, काय तरी खोट असंल. मंग तिला कोन विचारनार?"

काशिराम आपल्या तळव्यांकडे बघत बसला. मला त्याची मनापासून कीव आली. उभ्या जन्मात माणसाने एकच गोष्ट स्वतःपुरती केली होती, आणि तिच्यात एका पोरीचं नाव अडकलं होतं.

"पानी देताना तांब्याला खालून हात लावते," तो शेवटी म्हणाला. "चांगली पोर हाय. आनंदाला विचारतो."

आनंदाने मुलगी पाहिली आणि इतक्या घाईने होकार दिला की बापाला सुटकेला फटच राहिली नाही. वैशाखात लग्न लागलं. रोडपालीचा मेहुणा मांडवात आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. गुणाबाई त्या दिवशी हसतमुखाने वावरली. नंतर पंधरा दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही.

हळदीचे हात पुसट झाल्यावर एका सकाळी काशिरामने पुन्हा सायकल काढली. आता तर नेऱ्याला हक्काचं पाणी, असं त्याच्या मनात. अन् भीमाबाईने काय पाहिलं? मुलीचा सासरा भल्या सकाळी एकटाच दारात, घामाने निथळतोय, धाप लागल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नाही. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "माझ्या वेनूचं काय झालं?" म्हणत तिने अंगणातच बसकण मारली आणि रडायला सुरुवात केली. शेजारीपाजारी धावले. पोर घरी भाकऱ्या भाजतेय, हे लोकांना पटवेपर्यंत मुकादमाचा घसा आणखी सुकला.

पटल्यावर तर अधिकच पंचाईत. व्याही घरी आला, म्हणून कोंबडा कापला. दुपारपर्यंत त्याला कोणी उठू देईना. निघताना बळीराम म्हणाला, व्याह्याला सायकलवर धाडलं तर गाव आम्हाला नावं ठेवील. त्याने बैलगाडी जुंपली. ज्या उतारासाठी हा सगळा खटाटोप, तो उतार काशिराम बैलगाडीत तांदळाच्या पोत्याला टेकून उतरला. सायकल शेजारी आडवी पडली होती.

नेऱ्याची वाट अशी बंद झाली. दर खेपेला व्याह्याचा कोंबडा खाणारा माणूस काही काशिराम नव्हता. रोडपालीच्या अंगाला मेहुणा होता. उरणच्या रस्त्याने जाऊन पाहिलं, तर तिथे त्याची कीर्ती आधीच पोचली होती: सायकलवरून सुना हेरणारा मुकादम. तो घाम पुसायला थांबला की कुठून तरी तांब्या घेऊन एखादी पोरगी यायची, आणि मागून तिची आई धाकट्या मुलाचं वय विचारायची. धाकटा भगवान तेव्हा मराठी चौथीत होता.

पावसाळा लागला तशी सायकल आनंदा गिरणीत नेऊ लागला. काशिराम ओट्यावर पाय सोडून बसायचा. मी जाता-येता त्याला हाक मारायचो आणि तो नुसता हात वर करायचा. त्या दिवसांत तो एकदम म्हातारा दिसायला लागला, हे मला बघवत नसे.

पुढच्या दिवाळीला तो सायकल ढकलत दुकानात आला. "शेट, माझं कॅरियर हाय का अजून?"

मी खिळ्यावरून ते काढलं, धूळ झटकली आणि 'मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं. महिन्याचं वर्ष झालं होतं, पण माझा अंदाज खरा ठरला होता. मी बोल्ट आवळत असताना तो हळूहळू बोलायला लागला.

वेणू त्याला ओट्यावर पाणी आणून द्यायची, तशीच, तांब्याला खालून हात लावून. सासऱ्याला ती मामा म्हणे. एक दिवस तांब्या देऊन ती तिथेच थांबली. "मामा, सायकल का नाय चालवत?"

"कुठं जाऊ? काम नाय काय."

"तवा पन काम नवतं," ती म्हणाली. "मला ठाव होतं."

तिच्या अंगणातून तो उतार पुरा दिसायचा. पाणी पिऊन निघालेला हा म्हातारा उतार लागला की दोन्ही पाय पेडलवरून काढून हवेत फाकवतो आणि एकटाच हसतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं. "पोरगी बघून जानारा मानूस असा हसत नाय," ती म्हणाली. "घरात मी बोलले असते तर तुमची वाट मोकळी ऱ्हायली असती, नि मी त्या बिजवराच्या घरात गेले असते. म्हनून गप बसले. तुमची वाट मी बंद केली, मामा."

मी पाना खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? तिच्या जाग्यावर मी असतो तर मी बी गप बसलो असतो. पोर हुशार हाय. म्हनते, तुमी रिकामे जाता म्हनून लोक विचारतात. मागं काय तरी बांधून जा. आजपास्नं आनंदाला तिनं चालत धाडलाय गिरनीत."

त्याच्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याचं एक गाठोडं होतं. मी ते कॅरियरवर ठेवून सुतळीने बांधायला लागलो, तर आत काहीतरी डुचमळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि गाठ सैल करून दाखवली. आत सरबताची जुनी बाटली होती, पाण्याने भरून बूच लावलेली.

"वेनूनं भरून दिलीय," तो म्हणाला. "आता कोनाच्या दारात मागायला नको."

मी गाठोडं परत नीट बांधलं. सायकलवर बसताना त्याचा पाय मागच्या गाठोड्याला अडकला. कॅरियर नव्हतं तेव्हा अडकत नसे. त्याने पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि निघाला. नाक्यावर कोणीतरी हटकलंच, "कुठं, मुकादम?"

"काम हाय," न थांबता तो म्हणाला, आणि विचारणाऱ्याने त्याला वाट करून दिली.